चोर्ला घाटात गाडीचे नाक बाहेर पळते: जाड स्टॅबिलायझर बार बसवावा का?

टिळकवाडीकर

नमस्कार. माझ्याकडे २०१७ सालची फोर्ड मस्टँग जीटी आहे. दीड वर्षापूर्वी ती बेळगावातच सेकंडहँड घेतली. आधीच्या मालकांनी गाडी थोडी खाली बसावी म्हणून मूळ स्प्रिंगा काढून आखूड स्प्रिंगा घातल्या होत्या. शॉकॲब्सॉर्बर मात्र मूळचेच ठेवले होते. रविवारी पहाटे जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाटातून गोव्यातल्या साखळी गावापर्यंत जाऊन परत यायचे, हा माझा नेम आहे आणि गाडी घेतली तीही त्यासाठीच.

घाटातल्या आवळ वळणात शिरताना स्टिअरिंग पुरेसे वळवूनही गाडीचे नाक बाहेरच्या कडेकडे सरकत राहते. उजवे-डावे वळण लागोपाठ आले की बॉडी एका अंगाला झुकते, मग दुसऱ्या अंगाला, आणि सावरायला वेळ घेते. शिवाय गल्लीतल्या गतिरोधकावरून हळू जाताना पुढच्या डाव्या बाजूने टक् टक् असा आवाज येतो.

पुढे आणि मागे दोन्हीकडे जाड स्टॅबिलायझर बार (डाव्या-उजव्या चाकांचे सस्पेन्शन जोडून गाडीचे झुकणे रोखणारी पोलादी सळी) बसवावेत असा माझा विचार आहे. बाहेरून मागवलेले बार आयात शुल्कामुळे फार महाग पडतात, म्हणून इथल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत नमुना देऊन ते तयार करून घ्यावेत असे एका मित्राने सुचवले. हे योग्य होईल का? आणि एकच बार बदलायचा असेल, तर पुढचा की मागचा?

उद्यमबागकर

आपण दोन वेगळे प्रश्न विचारले आहेत. बार इथे करून घ्यावा का, याचे उत्तर आधी देतो, कारण माझी हयात याच कामात गेली आहे.

चांगले पोलाद वापरले की बार जास्त ताठ होतो, असा पुष्कळांचा समज असतो. तसे होत नाही. पोलाद साधे असो की स्प्रिंगचे, पिळाला विरोध करण्याचा त्याचा गुणांक जवळजवळ सारखाच, सुमारे ८० गिगापास्कल असतो. फरक पडतो तो किती पीळ सोसून ते मूळ आकाराला परत येते, यात. ईएन-८ या साध्या पोलादाच्या सळीतून वाकवलेला बार पहिल्या दिवशी अगदी उत्तम वाटेल. पण एक चाक खोल खड्ड्यात गेले की तो कायमचा पिळला जाईल आणि सपाट रस्त्यावरही गाडी एका अंगाला कलून उभी राहील. या कामाला ईएन-४५ किंवा ईएन-४७ सारखे स्प्रिंगचे पोलाद हवे, ते तापवून वाकवायला हवे, नंतर तेलात थंड करून पुन्हा टेंपर करायला (बेताने तापवून ठिसूळपणा घालवायला) हवे, आणि शेवटी पृष्ठभागावर शॉट पीनिंग (बारीक गोळ्यांचा मारा) व्हायला हवे. आपल्याकडे या प्रत्येक कामाची माणसे आहेत, परंतु एका बारासाठी ही सगळी साखळी कोणी नीट सांभाळत नाही. टोकाला वेल्डिंगने डोळा जोडून बार देतो असे कोणी म्हटले, तर कृपा करून घेऊ नका. स्प्रिंगच्या पोलादावर असे वेल्डिंग केले की त्याच्या कडेला कडक, ठिसूळ पट्टा तयार होतो आणि तडा तिथूनच निघतो. गेल्या पावसाळ्यात एका ओळखीच्या गृहस्थांनी माझ्याकडे तुटलेला बार आणला होता. त्याला वेल्डिंगही नव्हते. क्लॅम्पच्या बुशखाली (बार ज्यात बसतो त्या रबरी वेष्टनाखाली) रंग उडून गंजाचा एक खळगा पडला होता, नखाच्या टोकात मावेल एवढा. तुटलेल्या तोंडावर त्या खळग्यापासून पसरत गेलेल्या, शिंपल्यावर असतात तशा रेघा स्पष्ट दिसत होत्या.

आता बार जाड करण्याविषयी. भरीव बाराचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. समजा मूळ बार २२ मिलिमीटरचा आहे आणि आपण २४ चा बसवला. डोळ्यांना दोन मिलिमीटरचाच फरक दिसतो, पण ताठपणा सुमारे ४२ टक्क्यांनी वाढतो. २५ चा बसवला तर तो सुमारे ६७ टक्क्यांनी वाढतो. म्हणून ‘जरा जाड’ या शब्दांवर विसंबू नका, व्हर्नियर लावून मोजा. पोकळ बारही वाईट नसतो: २४ मिलिमीटरच्या बाराला आतून १६ मिलिमीटरचे भोक असेल तर वजन सुमारे ४४ टक्क्यांनी घटते आणि ताठपणा मात्र २० टक्क्यांनीच कमी होतो.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी, की बार पकड निर्माण करत नाही. वळणात आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर एकूण किती भार सरकणार, हे गाडीचे वजन, गुरुत्वमध्याची उंची, डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर आणि वळणाचा वेग यांवरच ठरते. गाडी १,७०० किलोंची, गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर आणि चाकांमधले अंतर १.६ मीटर धरले, तर ०.८ जीच्या (बाजूचा ओढा गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट असलेल्या) वळणात साधारण ४२५ किलोंचा भार बाहेर सरकतो. कोणताही बार लावला तरी हा आकडा जवळपास तोच राहतो. त्यातला किती वाटा पुढच्या जोडीने उचलायचा आणि किती मागच्या, एवढेच बार ठरवतो. टायरवरचा भार दुप्पट केला म्हणून पकड दुप्पट होत नाही, त्याहून कमीच वाढते. त्यामुळे ज्या जोडीकडे या भाराचा मोठा वाटा जातो, ती जोडी आधी सुटते. आपले नाक आधीच बाहेर जात असताना पुढचा बार जाड केला, तर सर्वसाधारणपणे ते आणखी बाहेर जाईल. दोन्हीकडचे बार सारख्याच प्रमाणात जाड केले तर झुकणे कमी होईल, पण नाकाची तक्रार जवळपास तशीच राहील. बदलायचाच असेल तर मागचा बदलावा, तोही एकाच पायरीने आणि शक्यतो टोकाला दोन-तीन भोके असलेला, म्हणजे बार सस्पेन्शनला जोडणारी छोटी दांडी, लिंक, पुढे-मागे लावून ताठपणा कमी-जास्त करता येतो.

आणखी एक. दोन्ही चाके एकाच वेळी गतिरोधकावर चढतात तेव्हा बार बुशमध्ये नुसता फिरतो. एकच चाक खड्ड्यात गेले की मात्र तो पिळला जातो आणि धक्का दुसऱ्या चाकाकडेही पोहोचवतो. जांबोटीच्या पुढे पावसाळ्यानंतर रस्त्याची डावी कड कशी असते, ते आपल्याला सांगायला नको.

निपाणीचा गॅरेजवाला

उद्यमबागकरांनी बाराविषयी सांगितले त्यात मी भर घालणार नाही. मला संशय आहे तो स्प्रिंगांचा.

आपल्या गाडीला पुढे मॅकफर्सन पद्धतीचे स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक एकत्र असलेले खांब) आहेत. अशी गाडी खाली बसवली की गुरुत्वमध्य जेवढा उतरतो त्याहून पुढचे रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती बॉडी झुकते तो) जास्त उतरते, आणि स्प्रिंग तेवढी ताठ नसेल तर खाली बसलेली गाडी उलट अधिक झुकू पाहते. त्यातच शॉकॲब्सॉर्बर मूळचे असल्यामुळे त्याच्या दांड्याला दबण्यासाठी उरलेली जागा कमी झालेली असते. वळणाच्या मध्यावर बाहेरचा पुढचा स्ट्रट पूर्ण दबून बंप स्टॉपवर (शेवटचा धक्का अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यावर) टेकला, की त्या कोपऱ्याचा ताठपणा एकदम वाढतो आणि नाक सरळ बाहेर निघते. तपासायला पैसे लागत नाहीत. धुळीचे रबर वर सरकवून दांड्याला नायलॉनचा एक बारीक टाय घट्ट बांधा, तो दांड्याच्या बुडाशी शॉकच्या तोंडापर्यंत आणून ठेवा आणि नेहमीची फेरी करून या. टाय बंप स्टॉपला जाऊन भिडला असेल तर रोग सापडला.

टक् टक् आवाज बहुतेक स्टॅबिलायझर लिंकच्या सांध्याचा असेल. सांधा ढिला असला की वळणात शिरताना बार काही अंतर कामालाच लागत नाही आणि मग एकदम लागतो. लिंक नेहमी जोडीने बदलावी. लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याच्या) बुशांना चिरा पडल्या आहेत का, तेही पाहा. नवे रबरी बुश बसवताना बोल्ट शेवटी गाडी चाकांवर उभी असतानाच आवळायला हवेत. चाके हवेत लोंबकळत असताना आवळले तर गाडी खाली येताच बुश पिळून बसतात आणि वर्षभरात फाटतात. ही चूक मी चांगल्या चांगल्या ठिकाणी पाहिली आहे.

त्यानंतर अलाइनमेंट. ती करताना आपल्या वजनाइतके ओझे चालकाच्या आसनावर ठेवायला सांगा आणि कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो (चाकांची तोंडे किती आत-बाहेर वळली आहेत) यांचे आकडे कागदावर घ्या. घाटासाठी मी पुढे दीड अंशाच्या आसपास ऋण कॅम्बर (चाकाची वरची बाजू आत कललेली), पुढचा टो शून्य आणि मागे थोडासा टो-इन (तोंडे किंचित आत) ठेवतो. आणि टायरवरचे चार आकडे वाचा; पहिले दोन आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष.

खानापूरकर

माझी गाडी वेगळी आहे, पण मागची चाके ओढणारीच आहे. मागचा बार सर्वांत ताठ भोकाला लावून मी उन्हाळाभर खूश होतो. जूनच्या पहिल्या पावसात कणकुंबीजवळच्या एका डाव्या वळणात, वेग फार नसताना, मागचा भाग असा सुटला की गाडी आडवी होऊन थांबली. समोरून कोणी येत नव्हते म्हणून निभावले. दुसऱ्याच दिवशी लिंक सर्वांत मऊ भोकात घेतली आणि आजही ती तिथेच आहे. या पट्ट्यात पाऊस चार महिने असतो, म्हणून गाडी ओल्या रस्त्याला अनुसरूनच लावावी असे माझे ठाम मत झाले आहे. जो बदल कराल तो विमा कंपनीला लेखी कळवा आणि मोटार वाहन कायद्याचे वाहनातल्या फेरफारांविषयीचे कलम ५२ वाचून घ्या.

टिळकवाडीकर

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितो आहे, कारण सांगितलेले सगळे तपासून मगच लिहायचे ठरवले होते.

पुढच्या दोन्ही टायरांवर ३४१६ असे आकडे निघाले, म्हणजे ते २०१६ च्या ३४ व्या आठवड्यात तयार झालेले, गाडीसोबत आलेलेच टायर होते. खाचा पुरेशा खोल होत्या म्हणून मी कधी खाली वाकून पाहिलेच नव्हते. पण रबर नखाने दाबले तर दबत नव्हते आणि कडेला बारीक चिरा होत्या. मागचे टायर मात्र आधीच्या मालकांनी झिजल्यामुळे बदललेले आहेत. पुढे जुने आणि टणक, मागे नवे आणि मऊ, अशा गाडीचे नाक बाहेर जाणारच होते. डावी लिंक हाताने हलवली तरी सांध्यात खुळखुळत होती. पुढचे दोन्ही टायर आणि दोन्ही लिंका बदलून अलाइनमेंट करून घेतली. आवाज पूर्ण गेला. मागच्या रविवारी त्याच वळणांत गाडी मी वळवीन तिथे गेली, आणि बाराला अजून हातही लावलेला नाही.

तरीही पुढच्या डाव्या दांड्यावरचा टाय बंप स्टॉपपर्यंत गेलेला आढळला. आता मूळ मापाच्या स्प्रिंगा परत घालाव्यात, की या आखूड स्प्रिंगा ठेवून त्यांना साजेसे आखूड शॉक घ्यावेत?

निपाणीचा गॅरेजवाला

मूळ मापाच्या स्प्रिंगा आणि नवे शॉक, दोन्ही एकाच वेळी. आपली फेरी घाटाची असली तरी घरापासून घाटापर्यंतचे गतिरोधक आणि खड्डे त्याच फेरीत येतात आणि तिथे चाकाला वर-खाली जायला जागा हवी. या कामाला लागणारी मजुरी एकदाच द्यावी, म्हणून वरचे माउंट आणि बंप स्टॉपही त्याच वेळी नवे घाला. उंची बदलली की अलाइनमेंट पुन्हा करावी लागेल. टाय पुन्हा बांधून दोन फेऱ्या करा, एक कोरड्या रस्त्यावर आणि एक पाऊस सुरू झाल्यावर. त्यानंतरही नाक थोडे बाहेर जात असेल, तर भोके असलेला मागचा बार घ्या आणि सुरुवात सर्वांत मऊ भोकापासून करा.