प्रार्थनेत खंड पडतो, राग आवरत नाही. प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत भाकर आणि प्याला घेण्याचा चर्चमधला विधी) घ्यावं का?

माग_पाळी: प्रभूमध्ये सलाम. अक्कलकोट रोडला यंत्रमागावर काम, दर आठवड्याला पाळी बदलते. वर्षात पवित्र शास्त्र (बायबल) संपवायचं ठरवलं की लेवीय या नियमांच्या पुस्तकात गाडी रुतते. वर मागावरच्या जोडीदारावर तोंड सुटतं, मग चार-चार दिवस प्रार्थनेला बसायची लाज वाटते. रविवारी प्रभुभोजन आहे. घ्यावं की टाळावं?

वचन_वाचक: भाऊ, प्रभुभोजनाबद्दलच्या 1 करिंथ 11:27 (पौलाचं करिंथच्या मंडळीला पहिलं पत्र, अध्याय 11, वचन 27) मधल्या 'अयोग्य प्रकारे' या शब्दांनी पुष्कळ जण मागच्या बाकावरून उठून जातात. ते शब्द माणसाच्या लायकीबद्दल नाहीत, जेवण्याच्या रीतीबद्दल आहेत. वचन 21 बघा: काही जण आधीच जेवून घेत, कोणी उपाशी, कोणी झिंगलेला. आणि वचन 28 म्हणतं, स्वतःची परीक्षा करा आणि खा. परीक्षा करून घरी जा असं नाही.

शनिवारी दहा मिनिटं काढा. 'मी पापी आहे' एवढंच म्हटलं की कबुली पातळ होते. 'मंगळवारी अमक्याला शिवी दिली' असं नाव घेऊन सांगा. मत्तय 5:23-24 प्रमाणे त्याची माफीही मागा, शक्यतो पाळी संपायच्या आत. मग 1 योहान 1:9 (पापं कबूल केली तर देव क्षमा करतो) वाचा आणि थांबा. गडबड होते ती इथेच: पुढे 'आता कधीच रागावणार नाही' हा नवस जोडला जातो. येशूचा शिष्य पेत्र यानंही शेवटपर्यंत साथ देईन असं ठासून सांगितलं (लूक 22:33), त्याच रात्री मोडलं. प्रभूनं मात्र त्याच्यासाठी प्रार्थना आधीच केली होती, वचन 32.

रोजचे_पान: वाचनाबद्दल. एकूण अध्याय 1189, म्हणजे रोज तीन-चार. दहा दिवस चुकले की 33 अध्यायांची थकबाकी, आणि थकबाकी दिसली की माणूस पुस्तकच मिटतो. नवा करार, म्हणजे बायबलचा येशूपासूनचा भाग, 260 अध्यायांचा आहे. आठवड्याला 5 घेतले तर बरोबर 52 आठवडे, वर दोन दिवस मोकळे. तारखा लिहूच नका, झालेल्या अध्यायावर पेन्सिलीची खूण करा. पाळी बदलते म्हणून वेळही घड्याळाला बांधू नका, डबा उघडण्याआधी बसा. लेवीय सोडवत नसेल तर तूर्तास त्यातला प्रायश्चित्ताच्या दिवसाचा 16 वा अध्याय नव्या करारातल्या इब्री 9 आणि 10 बरोबर वाचा, तिथं त्याचा अर्थ येशूच्या बलिदानाशी जोडलाय.

जुना_सभासद: वरचं पटलं, पण फार सैल सोडू नका. कृपा आहे म्हणून पाप चालू ठेवायचं का, हे पौलानंच रोम 6:1 मध्ये विचारून 'कधीच नाही' म्हटलंय. उलट टोकाचे लोक रोम 7:24 ला, 'किती मी कष्टी माणूस' इथं, पुस्तक बंद करतात. 25 आणि 8:1 (ख्रिस्तात असणाऱ्यांना दंडाज्ञा नाही) एका दमात वाचा. मूळ पत्रात अध्याय नव्हते, ती विभागणी 13 व्या शतकातली.

लाजेचं म्हणाल तर 2 करिंथ 7:10 मध्ये दोन दुःखं आहेत. एक देवाकडे वळवतं, दुसरं मरणाकडे नेतं. चार दिवस प्रार्थना टाळणं दुसऱ्या जातीचं, कितीही नम्र वाटलं तरी. याकोब 5:16 (एकमेकांजवळ पापं कबूल करा) यासाठी एकच माणूस धरा, तुमच्याच पाळीतला. मंडळीत जाहीर कबुलीची गरज नाही. घरात हात उठत असेल तर मात्र पाळकांना आजच सांगा, आणि घरच्यांची सुरक्षा आधी बघा.

माग_पाळी: हात उठत नाही, तोंडच. जोडीदार रात्रपाळीला आहे, आज सुटायच्या आत बोलतो.