गार्नेट थंड होताना नाही, वितळतानाच

"वितळलेल्या खडकाचा रस थंड झाला की त्यातून गार्नेट (लालसर खनिज) धरतं" असं काही जण म्हणतात. ते होतंही कधी कधी, पण पट्टेदार नीसमध्ये (उष्णतेने आणि दाबाने बदललेल्या खडकात) बरेचदा उलटं असतं. खडक तापतानाच काळं अभ्रक, सिलिमनाइट (अॅल्युमिनियमयुक्त खनिज) आणि क्वार्ट्झ (गारगोटी) यांची साधारण ७५० ते ८५० अंशांना अभिक्रिया होते. अभ्रकात बांधलेलं पाणी रसात जातं, आणि त्याच वेळी, त्याच जागी, घन गार्नेट तयार होतं. लोणी कढवताना तूप आणि बेरी एकदमच होतात ना, तसं. बेरी काही तूप थिजल्यावर येत नाही! पुरावाही आहे. केरळच्या खोंडालाइटमधल्या (गार्नेट-सिलिमनाइट असलेल्या नीसमधल्या) गार्नेटच्या पोटात त्या रसाचे थेंब सापडले, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे, काही तर काच होऊन राहिलेले. २००९ साली ते प्रसिद्ध झालं. गार्नेट वाढत असताना भोवती रस असल्याशिवाय तो आत अडकणार कसा?

आमच्या कुडाळकडे विहीर खणताना निघालेला असा एक पट्टेदार दगड मागीलदारी धुण्यासाठी ठेवलाय. गार्नेट नाही त्यात, पण पांढऱ्या पट्ट्याच्या दोन्ही कडांना काळ्या अभ्रकाची काजळासारखी रेघ आहे, ओला केला की चमचमते. रस गोठताना पाणी परत सोडतो आणि कडेला पुन्हा अभ्रक होतं, हे तिचं एक कारण. रत्नागिरीकरांनी मात्र अंगणात शोधू नये, तिकडे जांभा आणि त्याखाली बसाल्टच.