मदत हवी आहे: बिटकॉइनचा चढलेला भाव हा फुगा आहे का, हे आधी ओळखता येते का?

कातळसडा, देवगड

नमस्कार.

प्रश्न आधी मांडतो, पार्श्वभूमी नंतर सांगतो. बिटकॉइन या केवळ संगणकाच्या जाळ्यावर चालणाऱ्या आभासी चलनाचा चढलेला भाव हा फुगा आहे की नाही, हे ठरवण्याची अशी एखादी कसोटी आहे का, जी भाव कोसळण्याआधी लावता येते? कोसळल्यावर "आम्ही सांगतच होतो" म्हणणारे पुष्कळ भेटतात आणि चढत असताना "अजून चढेल" म्हणणारे त्याहूनही पुष्कळ. दोघांचाही मला उपयोग नाही, कारण निर्णय आत्ता घ्यायचा आहे.

मी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालो असून हापूसची थोडी कलमे सांभाळतो. निवृत्तीच्या वेळी मिळालेली रक्कम बँकेत मुदत ठेवीत आहे. २०२५ च्या गणपतीला आलेल्या चाकरमानी मंडळींत दुसरा विषयच नव्हता, आणि मुंबईत संगणकाच्या क्षेत्रात नोकरी करणाऱ्या माझ्या पुतण्याने तर निम्मी ठेव मोडून बिटकॉइन घ्यावे असा आग्रहच धरला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये भाव १ लाख २४ हजार डॉलरपर्यंत गेला, म्हणजे एका नाण्याची किंमत एक कोटी रुपयांच्या वर झाली. "काका, दहा वर्षांनी हळहळ वाटेल" हे त्याचे वाक्य घरातल्या सर्वांच्या मनात बसले आहे. पुतण्या वाचून-अभ्यासून बोलतो, त्यामुळे त्याला नुसते "नको" म्हणून गप्प करणे मला प्रशस्त वाटत नाही.

माझ्या परीने जे वाचले ते असे. ऑक्टोबर २००८ मध्ये सातोशी नाकामोतो या टोपणनावाने कोणीतरी एक लेख प्रसिद्ध केला आणि जानेवारी २००९ मध्ये बिटकॉइनचे जाळे सुरू झाले. एकूण नाणी २ कोटी १० लाखांच्या पुढे कधीच जाणार नाहीत, त्यांपैकी १ कोटी ९९ लाखांच्या आसपास ऑगस्ट २०२५ पर्यंत निघून झाली होती, आणि नवी नाणी निघण्याचा वेग साधारण दर चार वर्षांनी निम्म्यावर येतो. एप्रिल २०२४ मध्ये तो असाच निम्म्यावर आला. पुरवठा आटत जाणार म्हणून भाव वाढणारच, हा पुतण्याचा मुख्य मुद्दा. मात्र एखादी वस्तू मोजकीच असणे आणि तिचा भाव रास्त असणे, या मला दोन वेगळ्या गोष्टी वाटतात. मागणी नेमकी कशासाठी आहे? एल साल्वाडोर या देशाने सप्टेंबर २०२१ मध्ये बिटकॉइनला अधिकृत चलनाचा दर्जा दिला, पण तेथील लोकांनीही रोजच्या व्यवहारात ते फारसे वापरले नाही आणि २०२५ च्या आरंभी ते स्वीकारण्याची सक्ती काढून टाकण्यात आली. त्याला ना व्याज, ना भाडे, ना लाभांश. म्हणजे बहुतेक घेणारे, पुढे कोणीतरी आपल्याहून जास्त भावाने घेईल एवढ्याच भरवशावर घेतात, असे मी समजतो. माझी समजूत अपुरी असल्यास जाणकारांनी भर घालावी.

मला सर्वांत खटकते ते "एकूण बाजारमूल्य" नावाचे गणित. शेवटच्या सौद्याचा भाव घ्यायचा, त्याला सर्व नाण्यांच्या संख्येने गुणायचे आणि ऑगस्ट २०२५ च्या भावाने दोन लाख कोटी डॉलरहून अधिक संपत्ती उभी राहिली असे जाहीर करायचे. आमच्याकडून हंगामाच्या सुरुवातीला वाशीच्या बाजारात मुहूर्ताची पेटी जाते आणि तिला मिळालेल्या भावाची वर्तमानपत्रात बातमी होते. त्या भावाने सगळ्या बागेची किंमत मांडणारा बागायतदार मी अजून पाहिलेला नाही, कारण मेअखेरीस पाऊस तोंडावर आला की तोच आंबा कॅनिंगवाल्याला किलोवर घालावा लागतो, हे प्रत्येकाला ठाऊक असते. सगळ्यांनी एकदम विकायला काढले तर काय भाव उरेल, हे बिटकॉइनबाबत कोणी विचारताना दिसत नाही. की माझी तुलनाच चुकते आहे?

मागचा इतिहासही दोन्ही बाजूंनी बोलतो. डिसेंबर २०१७ मध्ये भाव २० हजार डॉलरच्या जवळ गेला आणि वर्षभरात ३,२०० च्या आसपास आला. नोव्हेंबर २०२१ मध्ये तो ६९ हजारांपर्यंत चढला आणि पुढच्या नोव्हेंबरात १६ हजारांच्या खाली होता. पहिल्या वेळी गमावलेली उंची तीन वर्षांनी परत मिळाली, दुसऱ्या वेळी मार्च २०२४ मध्ये. पुतण्या म्हणतो, थांबणारा हरला नाही. माझे म्हणणे असे की तिशीतल्या पगारदाराचे थांबणे वेगळे आणि ठेवीच्या व्याजावर घर चालवणाऱ्याचे थांबणे वेगळे. मधल्या काळात घरात आजारपण निघाले तर चौथ्या हिश्श्याला विकण्याची पाळी येईल.

आणखी एक बाब. कणकवलीच्या एका सभागृहात झालेल्या कार्यक्रमाला आमच्या वाडीतले काही जण जाऊन आले. कुठल्याशा नव्या नाण्यात पैसे घातल्यास दरमहा ठरावीक टक्के परतावा, आणि खाली माणसे जोडल्यास त्यावर वेगळे कमिशन, असे तेथे सांगण्यात आले. पावती नाही, मोबाइलवर एक ॲप आणि त्यात रोज रात्री थोडा वाढलेला आकडा. चहाच्या टपरीवर तो आकडा एकमेकांना दाखवणे हा सध्या संध्याकाळचा कार्यक्रम झाला आहे. हे आणि पुतण्या सांगतो ते एकाच जातीचे आहे का, आणि यातल्या नफ्यावर आयकर कसा लागतो, हेही कृपया सांगावे.

हिशेबनीस, रत्नागिरी

गुरुजी, शेवटच्या परिच्छेदापासून सुरुवात करतो, कारण तेथे घाई आहे. बिटकॉइन दरमहा काहीही देत नाही. त्यामुळे जो ठरावीक मासिक परतावा कबूल करतो तो पुढच्याचे पैसे मागच्याला देत असतो. "गेनबिटकॉइन" योजनेत दरमहा १० टक्के प्रमाणे १८ महिने परतावा देण्याचे आमिष होते. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी तिच्या सूत्रधाराला अटक केली आणि तपास पुढे सीबीआयकडे गेला. क्रिप्टो, म्हणजे बिटकॉइनसारखी आभासी नाणी, हे येथे केवळ नवे वेष्टन आहे. जमिनीच्या तुकड्यांच्या नावावर पैसे गोळा करणाऱ्या पीएसीएल कंपनीला सेबीने २०१४ मध्ये ४९,१०० कोटी रुपये परत करण्याचा आदेश दिला होता, आणि तिच्या पावत्या घेऊन येणारे लोक माझ्या कार्यालयात आजही येतात. वाडीतल्या कोणी पैसे भरले असल्यास त्यांनी ॲपमधली शिल्लक आधी बँकेत काढून पाहावी. ती निघत नसेल, किंवा काढण्यासाठी आणखी पैसे मागत असतील, तर त्याच दिवशी १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

आता फुग्याविषयी. आधी लावता येईल अशी खात्रीची कसोटी नाही, हे स्पष्टच सांगतो. शेअरला कंपनीच्या नफ्याशी आणि घराला भाड्याशी ताडून पाहता येते, तरीही तेथे फुगे झालेच. जपानचा निक्केई हा शेअर निर्देशांक डिसेंबर १९८९ मध्ये ज्या उंचीवर होता, ती त्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये परत गाठली. इंटरनेट कंपन्यांच्या लाटेवर चढलेला अमेरिकेचा नॅस्डॅक हा शेअर निर्देशांक मार्च २००० नंतर अडीच वर्षांत तीन चतुर्थांशांहून अधिक घसरला. पण इंटरनेट खोटे नव्हते, त्याला दिलेला भाव खोटा होता. ज्याला ताडून पाहायला उत्पन्नच नाही, त्याबाबत "नक्की फुगा" आणि "नक्की नाही" ही दोन्ही विधाने पुराव्याच्या पुढे जातात. रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन गव्हर्नर शक्तिकांत दास फेब्रुवारी २०२२ मध्ये म्हणाले होते की क्रिप्टोमागे काहीही नाही, ट्युलिपचे फूलसुद्धा नाही (सतराव्या शतकात हॉलंडमध्ये ट्युलिपचे भाव असेच फुगून कोसळले होते). त्यानंतर भाव आधी कोसळला आणि मग कित्येक पट झाला. त्यामुळे त्यांचे विधान चूक ठरले असे मात्र म्हणता येत नाही, कारण ते भावाविषयी नव्हतेच.

एक गोष्ट पुतण्याला जरूर दाखवा. नोव्हेंबर २०२१ मध्ये डॉलर ७४-७५ रुपयांना होता, सप्टेंबर २०२५ मध्ये तो ८८ च्या आसपास होता. रुपयांतली वाढ पाहून जे डोळे दिपतात, त्यात थोडा वाटा रुपयाच्या घसरणीचाही आहे.

कराबाबत लोक सर्वाधिक गाफील असतात. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर लागतो, मग आपले इतर उत्पन्न कितीही कमी असो. खरेदीची किंमत सोडून दुसरा कोणताही खर्च वजा होत नाही. एका नाण्यात १ लाख रुपये नफा आणि दुसऱ्यात ८० हजार तोटा झाला, तर हातात २० हजारच येतात, पण कर पूर्ण लाखावर, म्हणजे ३१,२०० रुपये भरावा लागतो, कारण एकाचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही आणि पुढच्या वर्षी ओढताही येत नाही. शिवाय जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेतून १ टक्का कर आधीच कापला जातो. कर भरावा लागतो म्हणजे सरकारने या व्यवहाराची हमी घेतली, असा समज आपल्याकडे पसरला आहे. तो निराधार आहे.

खाडीकाठ, दाभोळ (सध्या पुणे)

मी स्वतः काही वर्षे बिटकॉइन बाळगून आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. मुहूर्ताच्या पेटीची तुलना आकर्षक असली तरी पूर्ण लागू होत नाही. मुहूर्ताला पेट्या मोजक्या असतात, येथे रोज हजारो कोटी डॉलरचे सौदे होतात. आंबा नासतो, हे नासत नाही, त्यामुळे मेअखेरीस काढून टाकण्याची सक्ती कोणावर नसते. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या शेअरबाजार नियामकाने थेट बिटकॉइन बाळगणाऱ्या ईटीएफना, म्हणजे शेअरसारखी खरेदी-विक्री होणाऱ्या फंडांना, परवानगी दिल्यापासून घेणाऱ्यांत मोठ्या संस्थाही आल्या आहेत. अर्थात कर्ज काढून घेतलेल्यांवर ती सक्ती असतेच, आणि प्रत्येक मोठ्या घसरणीत आधी त्यांचाच माल बाहेर पडतो, हे मी नाकारत नाही.

बिटकॉइन आणि इतर नाणी मात्र एका तराजूत तोलू नयेत. मे २०२२ मध्ये लूना हे नाणे आठवड्याभरात ऐंशी डॉलरवरून जवळजवळ शून्यावर आले आणि परत वर आलेच नाही. "थांबणारा हरला नाही" हे वाक्य बिटकॉइनपुरतेच, आणि तेही आजवरच्या इतिहासापुरतेच, खरे आहे. निम्मी ठेव मोडण्याचा सल्ला मीही देणार नाही. पुतण्याने तो स्वतःच्या पगारातून पाळावा.

कातळसडा, देवगड

दोघांचाही आभारी आहे. न नासणाऱ्या मालाचा मुद्दा मला मान्य आहे. तरी संस्था आल्या म्हणजे भाव रास्त झाला, हे पटत नाही. नॅस्डॅकमध्येही संस्थाच होत्या.

ठेव मोडायची नाही, हे मी ठरवले आहे. वाडीतल्या मंडळींपैकी एकाने आज माझ्यासमोर पैसे काढण्याचा प्रयत्न केला, तेव्हा ॲपने "प्रक्रिया शुल्क" आधी भरण्यास सांगितले. त्याला १९३० वर फोन लावून दिला आहे. पुतण्याशीही बोललो. पुढच्या हंगामाच्या उत्पन्नातून, पूर्ण बुडाली तरी घरखर्चाला धक्का लागणार नाही एवढी किरकोळ रक्कम घालण्यास माझी हरकत नाही, असे त्याला सांगितले आहे. त्यापुरते विचारतो: घ्यायचेच झाले तर कोणती काळजी घ्यावी, आणि माझ्या पश्चात घरच्यांना ते कसे मिळेल?

हिशेबनीस, रत्नागिरी

नाण्यांची खरेदी-विक्री करून देणारी कंपनी, म्हणजे एक्सचेंज, केंद्र सरकारच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंदलेली आहे का, ते पाहावे; मार्च २०२३ पासून अशा कंपन्यांना मनी लाँड्रिंगविरोधी कायदा लागू आहे. नोंदणी म्हणजे सुरक्षिततेची हमी नव्हे. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्सचेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली आणि ग्राहकांचे पैसे दीर्घकाळ अडकून पडले. पैसे आपल्याच बँक खात्यातून पाठवावेत आणि त्याच खात्यात घ्यावेत. अनोळखी माणसाशी परस्पर सौदा करून रक्कम खात्यावर घेतल्यास, ती कोणाच्या फसवणुकीतली निघाली तर आपले खाते गोठवले जाते. अशी प्रकरणे आमच्याकडे येतात.

नाणी एक्सचेंजवर न ठेवता स्वतःच्या वॉलेटमध्ये (नाण्यांची गुप्त किल्ली सांभाळणाऱ्या ॲपमध्ये वा उपकरणात) ठेवली, तर १२ किंवा २४ शब्दांची एक गुप्त यादी मिळते. ती हरवली तर कोणतेही न्यायालय वा बँक नाणी परत मिळवून देऊ शकत नाही, आणि दुसऱ्याच्या हाती लागली तर नाणी त्याची. ती मोबाइलमध्ये छायाचित्र काढून ठेवू नये, कागदावर लिहून ठेवावी आणि कागद कोठे आहे हे काकूंना माहीत असावे. खरेदीच्या तारखा आणि रकमा एका वहीत टिपाव्यात, कारण विवरणपत्रात प्रत्येक व्यवहार वेगळा दाखवावा लागतो. कापलेला १ टक्का कर आपल्या नावे जमा झालेला कर दाखवणाऱ्या आयकर खात्याच्या विवरणात दिसतो. तो विवरणपत्र भरताना एकूण करातून वळता होतो. विवरणपत्राच्या वेळी वही घेऊन या.