उ.: सेकंडहँड पॉर्शे घेताना मीटर आणि सर्व्हिस बुक

वर कोणीतरी म्हटलंय की किलोमीटर कमी आणि सर्व्हिस बुक पूर्ण असलं की डोळे झाकून घ्या. अर्धंच पटलं. बुकात शिक्के असतात, गाडी हाणली कशी ते नसतं. मी इथे जर्मनीत २००६ ची केमन एस (पॉर्शेचीच एक स्पोर्ट्स कार) बघायला गेलो होतो, मॅन्युअल, मीटरवर ६२ हजार, मालक अगदी सज्जन, "रविवारी ऑटोबानवर (इथला वेगवान महामार्ग) एक चक्कर, बस" वगैरे. सोबतच्या मेकॅनिकने लॅपटॉप लावला तर ईसीयूत, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरात, इंजिन चाललेले तास २४०० च्या वर! भागून बघा, सरासरी ताशी २६ किलोमीटर सुद्धा येत नाही, मग कसलं ऑटोबान? एकतर आयुष्यभर सिग्नललाच उभी होती नाहीतर मीटर मागे फिरवलेला.

त्याच रिपोर्टात ओव्हर-रेव्हचे, म्हणजे इंजिन मर्यादेपेक्षा जास्त जोरात फिरल्याच्या नोंदींचे, सहा टप्पे असतात. पहिले एक-दोन भरलेले असले तरी चालतं, लिमिटरपर्यंत (तो इंजिनाचा वेग मर्यादेवर रोखतो) खेचली की ते भरतातच, पण वरच्या टप्प्यात आकडे दिसले तर समजायचं की कोणीतरी चौथ्याऐवजी चुकून दुसरा गिअर टाकलाय, कारण तिथे लिमिटर काही करू शकत नाही, चाकंच इंजिन फिरवतात. आणि ते कितव्या तासाला झालं तेही लिहिलेलं असतं, म्हणजे हजार तासांपूर्वीचं असेल तर फारसं टेन्शन नाही, गेल्या महिन्यातलं असेल तर सरळ नमस्कार करून निघायचं. मी निघालो. तपासणीचे पैसे गेले, पण इंजिनापुढे ते चिल्लरच.