देणगीवरची करसवलत गेली, तेही धरा

अमेरिकेत कॉलेज फुटबॉलच्या सामन्यांची गर्दी घटण्याचं सगळं खापर घरच्या मोठ्या टीव्हीवर फोडलं जातं, ते मला पटत नाही. तिथल्या बऱ्याच मोठ्या स्टेडियममध्ये चांगली जागा हवी असेल तर सीझन तिकिटाआधी विद्यापीठाच्या क्रीडानिधीला दरवर्षी देणगी द्यावी लागते. 2017 पर्यंत त्या देणगीच्या 80 टक्के रकमेवर करसवलत मिळायची. 2018 पासून ती बंद झाली, देणगीची अट मात्र कायम राहिली.

आम्ही नऊ वर्षं एकाच ॲल्युमिनियमच्या बाकावर बसलो. जागांचे आकडे पार झिजलेले, कडाक्याच्या थंडीत खाली घोंगडी घ्यावी लागायची. शेजारचे आजोबा माझ्या मुलीसाठी न चुकता खारे शेंगदाणे आणायचे. नूतनीकरणात तिथे पाठ टेकायच्या गादीच्या खुर्च्या आल्या, देणगी दुपटीच्या वर गेली, आणि आम्हीही सोडलं, त्यांनीही. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने तर रायन फील्ड हे आपलं स्टेडियम नव्याने बांधायला घेताना 47 हजारांची क्षमता सरळ 35 हजारांवर आणली. म्हणजे माणसं कमी आणि खुर्च्या महाग, हे आधीच ठरवलेलं असतं. आजोबा आता सामने रेडिओवर ऐकतात.