मधुमेह: तळव्याची जखम पाच आठवडे भरत नाही, मलम बदलावे का?

निशिगंध:
वडील ६४ वर्षांचे, मधुमेह जुना. उजव्या पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी, तळव्याला रुपयाच्या नाण्याएवढी जखम आहे, कडेला जाड घट्टा. अजिबात दुखत नाही. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ७.६. रोज आयोडीनचे ड्रेसिंग, अँटिबायोटिकचा दुसरा कोर्स चालू. आकार तेवढाच. कोणी मध सांगते, कोणी हळद.

पादत्राण:
प्रश्न मलमाचा नाही, वजनाचा आहे. दुखत नाही हीच अडचण. पाय बधिर असल्यामुळे ते बिनधास्त त्याच जागेवर भार देतात आणि जे भरून येते ते चालताना चिरडते. चवड्याखालच्या अशा जखमेला टोटल कॉन्टॅक्ट कास्ट सर्वांत खात्रीचा: गुडघ्याखालपर्यंत पायाला बेतून बसवलेले प्लास्टर. भार सगळ्या तळव्यावर आणि पोटरीवर वाटला जातो. वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या जखमांसाठी हेच वापरले होते. पहिले प्लास्टर काही दिवसांतच बदलावे लागते, कारण सूज उतरली की ते सैल पडते आणि सैल प्लास्टर घासून नवी जखम करते. पुढे दर एक-दोन आठवड्यांनी.

काढता येणारा उंच बूटही मिळतो, पण लोक तो घरात काढून ठेवतात आणि रात्री बाथरूमला अनवाणी जातात. त्यावर प्लास्टरचा एक रोल गुंडाळला की तो काढता येत नाही, काम होते. दुसऱ्या चपलेला तेवढ्याच उंचीचा सोल लावा, नाहीतर तोल जातो.

पट्टीवाली:
थांबा, प्लास्टरआधी रक्तपुरवठा तपासा. घोटा आणि दंडाच्या रक्तदाबाचे गुणोत्तर ०.९ च्या खाली असेल तर रोहिण्या अरुंद आहेत असे समजायचे. पण मधुमेहात रोहिण्या चुन्याने कडक होतात, आकडा १.३ च्या वर जातो आणि फसवतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्यातला दाब मोजतात. तो ३० मिमीएचजीच्या खाली असेल तर प्लास्टर बाजूला, आधी व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांचे) सर्जन.

दुसरे, हाड. डॉक्टर निर्जंतुक बोथट सळई जखमेत घालून बघतात. टणक हाड लागले तर हाडात जंतुसंसर्ग असण्याची शंका बळावते. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे एक्स-रे साफ येऊ शकतो, म्हणून तो पुन्हा काढावा लागतो.

आणि लाली, ऊब, सूज, पू यातले काही नसेल तर अँटिबायोटिक कशासाठी चालू आहे हे डॉक्टरांना विचाराच. संसर्ग नसलेली जखम त्याने लवकर भरत नाही. जखमेवरून कापसाने पुसून घेतलेल्या वरवरच्या नमुन्यावर (स्वॅब) तर विसंबूच नका; नमुना जखम खरवडून साफ केल्यावर तळातून घेतात.

निशिगंध:
घट्टा मीच ब्लेडने कापू का? आणि पाय रोज कोमट मिठाच्या पाण्यात बुडवतो.

पट्टीवाली:
दोन्ही नको. घट्टा म्हणजे बुटातला खडा, तो काढलाच पाहिजे, पण दवाखान्यात. कॉर्न कॅपही (घट्ट्यावर चिकटवायची औषधी पट्टी) नको. त्यातले सॅलिसिलिक अॅसिड बधिर पायाची चांगली कातडी खाते. बुडवल्याने कड भिजून पांढरी पडते, शिवाय पाणी किती गरम हे त्यांना कळत नाही.

सलाइन (०.९ टक्के मिठाचे निर्जंतुक पाणी) थेट जखमेवर ओता, वर निर्जंतुक गॉज, बोटांच्या फटी टिपून कोरड्या. मध, हळद, तंबाखूची राख काही नको. दर आठवड्याला शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा. नीट भार हटवूनही चार आठवड्यांत क्षेत्रफळ निम्मे झाले नाही तर उपचार बदलायला हवेत.

लाली कडेपासून २ सेंमीच्या पुढे गेली, दुर्गंधी, ताप, बोट काळे, किंवा विनाकारण साखर चढली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

पादत्राण:
जखम भरल्यावर एमसीआर (मऊ सूक्ष्मछिद्री रबराची) चप्पल, मागे पट्टा असलेली, घरातही. अंगठ्याची चप्पल नकोच. आत काही रुतलेय का ते घालण्याआधी रोज हाताने चाचपा.