पीजीची दोन वर्षं: स्वतःचं काम की शोरील?

खडूचा तुकडा (लातूर)
ॲनिमेशन-व्हीएफएक्सच्या (पडद्यावरच्या कॉम्प्युटर करामतींच्या) पीजीला, म्हणजे पदवीनंतरच्या कोर्सला, असलेल्या पोरांची शोरील (नोकरीसाठी दाखवायचे आपल्या कामाचे छोटे व्हिडिओ) अधूनमधून माझ्याकडं बघायला येतात. बहुतेकांत तेच ते: कोसळणारी इमारत, तळहातातून निघणारा जाळ, रस्त्यात उतरलेला रोबो. ट्यूटोरिअलमधला कॅमेरासुद्धा जशास तसा. सॉफ्टवेअर पदवीलाच शिकून झालंय, मग पुन्हा तेच घोटायला दोन वर्षं कशाला घालवायची? रोज तासभर वही घेऊन मार्कांशी संबंध नसलेलं, स्वतःचं काम करा. लांब जायला नको. ऑक्टोबरात सोयाबीनच्या मळणीयंत्रापाशी उभं राहा. काड्या आणि टरफलं जवळच पडून ढीग लागतो, हलकं भुस्कट थोडं पुढं जाऊन बसतं, बारीक धूळ मात्र शेजारच्याच्या वावरात जाऊन त्याच्या शिव्या खाते. वारा फिरला की आधी धूळ वळते, मग भुस्कट. काड्यांना पत्ताच नसतो. हे बघितलेलं पोरगं पार्टिकल सिम्युलेशनमध्ये (कॉम्प्युटरवर धूळ, धूर उडवताना) सगळ्या कणांना एकच वजन देणार नाही. फाळक्यांनी १९१२ साली वाटाण्याचं रोप उगवताना एकेक फ्रेम टिपली, ती कुठल्या असाइनमेंटसाठी नव्हती.

रोटोवाला (मूळ परभणी, सध्या पुणे)
सर, फाळक्यांनी ती फिल्म भांडवल देणाऱ्यांना पटवायला दाखवली होती. म्हणजे शोरीलच की!

गंमत सोडा. आमच्या बापानं बँकेचं कर्ज काढून फीस भरली. फ्रेशरला पहिलं काम मिळतं ते रोटोचं (फ्रेमगणिक माणसाची कडा कापायचं) नाहीतर पेंटचं (शॉटमधलं नको ते पुसायचं). तिथं बघणारा एवढंच बघतो की मॅटची (कापलेल्या आकाराची) कडा थरथरते का, मोशन ब्लर (हालचालीचा धूसरपणा) जुळलाय का, कडेचे केस कापले गेलेत का. तुमचं भुस्कट कुणी विचारत नाही. त्यात फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्निकलर ही व्हीएफएक्सची मोठी कंपनी बसली, तिची भारतातली ऑफिसंही बंद झाली. अनुभवी माणसं रांगेत असताना पोरांनी वह्या रंगवत बसायचं?

गोदाकाठ (पैठण)
मला दोघांचंही पटत नाही. 'स्वतःचं काम' म्हटलं की आपल्याकडं अजिंठाच निघतो. दर बॅचला कुणाच्या तरी ॲनिमेशनमध्ये पद्मपाणी बोधिसत्त्व डोळे मिचकावतो. लेणी नंबर १ मध्ये तो गपचूप उभा आहे, उभा राहू द्या त्याला. घ्यायचंच असेल तर १७ नंबरला जा. विश्वंतर जातकात (बुद्धाच्या पूर्वजन्माच्या गोष्टीत) तोच राजपुत्र एकाच भिंतीवर पुन्हापुन्हा येतो, मधे चौकट नाही. खांब, दार, मंडप आला की समजायचं, प्रसंग बदलला. कटशिवाय गोष्ट पुढं कशी न्यायची, हा प्रश्न घेऊन वर्षभर काम होतं. पण असा प्रश्न सर्टिफिकेटसोबत मिळत नाही, आणि रोज तासभर वही भरूनही आपोआप सापडत नाही.

ब्लेंडरभक्त
'फ्लो' बघा. ब्लेंडर या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेला ॲनिमेशनचा पिक्चर, २०२५ ला ऑस्कर! त्याच दिग्दर्शकानं आधीचा 'अवे' (२०१९) एकट्यानं केला होता.

रोटोवाला
भाऊ, ब्लेंडर फुकट आहे, रेंडर (कॉम्प्युटरनं शेवटचं चित्र तयार करणं) चालू असताना जाणारी लाइट फुकट नाही. आणि 'फ्लो' लाटविया, फ्रान्स, बेल्जियम अशा तीन देशांनी मिळून केलाय, लाटवियाचा सरकारी फिल्म निधीही त्यात आहे. आम्हाला मेसचं बिल मागायलायत.

खडूचा तुकडा
पैशाचं कबूल. पण रोटोतच कायम राहायचंय का? एआय सगळ्यात आधी तेच काम खायलंय. उद्या शॉट कसा दिसावा हे ठरवणाऱ्या खुर्चीत बसायचं, तर ठरवायची सवय कधी लागणार? कंपनीत डेडलाइन असते. पीजीत निदान चुकलं तर फक्त मार्क जातात.

गोदाकाठ ताईंचं बरोबर आहे, वहीतून प्रश्न आपोआप निघत नाही. पण वही नसलेल्याला प्रश्न पडल्याचंही मी बघितलेलं नाही.

गोदाकाठ
मी बघितलंय. आमच्याकडं पैठणी विणणारे काही जुने कारागीर पदरावरचा मोर कागदावर न काढता थेट मागावर उतरवतात. वही कुठंय?

खडूचा तुकडा
ताई, त्यांचा माग हीच वही. असो. रोटोवाले, मधला मार्ग सांगतो: शोरीलच्या शेवटी वीस सेकंद स्वतःचं ठेवा.

रोटोवाला
शेवटपर्यंत कोण बघतंय सर? पहिल्या दहा सेकंदांतच निकाल लागतो. ठेवायचं तर सुरुवातीलाच ठेवावं लागेल, आणि तेवढी रिस्क मी कर्जाचे हप्ते संपल्यावर घेईन.